फोंड्यातील ‘आशीर्वाद आणि शाप’ अभ्यासवर्ग: तीन संध्याकाळी

गोव्यातील फोंड्याजवळच्या एका चर्चच्या सभागृहात गेल्या महिन्यात ‘आशीर्वाद आणि शाप’ या विषयावर मराठीतून अभ्यासवर्ग झाला, आणि त्याच्या तिन्ही संध्याकाळी मी हजर राहिलो. आमचे घराणे मूळचे सावंतवाडीचे. शाळा मराठीतून झाल्यामुळे पवित्र शास्त्र वाचायचे ते मराठीतच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली ज्या गोव्यातल्या राचोलला छापले गेले, तिथे आज असा मराठी वर्ग क्वचितच भरतो.

जाण्याचे आणखी एक कारण होते. काही वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत माझ्या धाकट्या बहिणीला, तिला मूल नव्हते म्हणून, पूर्वजांचा शाप तिच्यावर असल्याचे सांगण्यात आले आणि तो मोडण्यासाठी उपासांची व देणग्यांची यादी हाती ठेवण्यात आली. त्यानंतर कित्येक महिने तिला धड झोप नव्हती.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या फादरांनी फळ्यावर गरिज्जीम आणि एबाल हे दोन डोंगर काढले, आणि इस्राएलाच्या बारा वंशांपैकी एकावर आशीर्वादासाठी सहा व दुसऱ्यावर शापासाठी सहा कसे उभे राहायचे, हे समजावले. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातील ६८ वचनांपैकी पहिली १४ आशीर्वादाची आणि उरलेली ५४ शापांची आहेत, हे मी इतकी वर्षे वाचूनही कधी मोजले नव्हते. हे शाप म्हणजे कोणी रागाने उच्चारलेली करणी नव्हे, तर देवाशी केलेला करार मोडल्याचे परिणाम आहेत, हा भेद त्यांनी घाई न करता उलगडला. पैसे देऊन शाप द्यायला बोलावलेल्या बलामाच्या तोंडून आशीर्वादच निघाला, ही ‘गणना’ या पुस्तकातली कथाही त्यांनी इथेच जोडली.

दुसरा दिवस मला सर्वांत मोलाचा वाटला. वडिलांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हे ‘निर्गम’ या पुस्तकातील वचन भीती घालणारे लोक नेहमी पुढे करतात. फादरांनी ते टाळले नाही, उलट त्याच्याच शेजारी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८वा अध्याय ठेवला, ज्यात आंबट द्राक्षे बापांनी खावीत आणि दात मुलांचे आंबावेत ही म्हण यापुढे चालणार नाही असे देव सांगतो. मग योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणूस आला, ज्याच्याविषयी येशूने ‘याने पाप केले नाही, याच्या आईबापांनीही नाही’ असे स्पष्ट उत्तर दिले. शेवटी गलतीकरांस पत्रातील तिसरा अध्याय: खांबावर टांगलेला तो शापित, हे ‘अनुवाद’ पुस्तकातले वचन प्रेषित पौल ख्रिस्ताला लावतो आणि आपल्याला शापातून सोडवण्यासाठी तो आपल्याकरता शाप झाला असे म्हणतो. हे वाचून झाल्यावर पूर्वजांच्या नावाने देणग्या मागणे कुठल्या आधारावर उभे राहते, हा प्रश्न मी तिथेच विचारला, आणि फादरांनी ‘आधार नाही’ असे एका वाक्यात उत्तर दिले.

तिसऱ्या दिवशी मात्र वेळेचे गणित बिघडले. लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूच्या चार धन्योद्गारांच्या (‘धन्य तुम्ही’ अशा वचनांच्या) पाठोपाठ श्रीमंतांना आणि तृप्तांना चार कडक इशारे येतात. त्यांना जेमतेम दहा मिनिटे मिळाली, आणि खाणींच्या व जमिनींच्या पैशावर उभ्या राहिलेल्या गोव्यात हीच चर्चा अधिक व्हायला हवी होती. ‘छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, शाप देऊ नका’ हे रोमकरांस पत्रातील वचनही घाईतच उरकले. सायंप्रार्थनेनंतर थोरांसमोर हात जोडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागण्याच्या आपल्याकडच्या रीतीवर मात्र ते सुंदर बोलले: आशीर्वाद देणारा तो स्वतःच्या पदरचा देत नाही, देवाकडे मागून देतो.

छापील पत्रकांतला टाइप फार बारीक होता, ज्येष्ठांना तो वाचता येत नव्हता; पुढच्या वेळी तेवढे सुधारावे, आणि वर्ग चार दिवसांचा करावा. शापाच्या भीतीने ज्यांच्या घरात कोणी खचले असेल, त्यांनी निदान दुसरी संध्याकाळ चुकवू नये. मी त्या दिवसाची टिपणे बहिणीला नेऊन दिली. तिने बायबल पुढे केले आणि यहेज्केलाचा तो अध्याय काढून द्यायला सांगितला.