स्वस्तातली मॉडिफाइड स्विफ्ट घ्यावी, की जास्त पैसे मोजून स्टॉक?

समजा 2014 च्या दोन स्विफ्ट व्हीडीआय (डिझेल) समोर आहेत. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच असलेल्या गाडीची मागणी 3 लाख. दुसरी अडीच लाखांत मिळतेय: 17 इंची अलॉय, खाली बसवलेली, रीमॅप केलेली (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली), फ्रीफ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर. किलोमीटर जवळपास सारखेच. विकणारा सांगतो, ‘लाखभर रुपये घातलेत गाडीत.’ घातले असतील, पण ते त्याच्या हौसेचे. आपण एवढंच बघायचं, की गाडी पुन्हा मूळ रूपात आणायला किती लागेल. तो आकडा अडीच लाखांत मिळवा आणि मग दोन्ही किमती शेजारी ठेवा.

चाकांपासून सुरुवात करा, कारण तिथला बदल परत फिरवणं सगळ्यात सोपं. स्टॉक व्हीडीआयला 165/80 आर14 टायर येतो. त्याचा व्यास साधारण 620 मिलिमीटर आणि रबराची भिंत 132 मिलिमीटर. 205/50 आर17 घातला की व्यास 637 वर जातो, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास 3 टक्के कमी दाखवतो, आणि भिंत उरते जेमतेम 102. आपल्याकडच्या खड्ड्यांत तो मार मग थेट रिमला बसतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाकाच्या कमानीत हात घाला. टायर घासत असेल तर आतलं प्लॅस्टिक गुळगुळीत लागतं. रिमची आतली कड लिफ्टवरच नीट दिसते. बाहेरून चकाचक असलेली रिम आतून चेपलेली असणं अगदी नेहमीचं.

गाडी खाली कशी बसवली, हे मात्र नीट तपासा. लोअरिंग स्प्रिंग चांगल्या बनावटीच्या असतील तर प्रश्न कमी. पण ग्राइंडरने मूळ स्प्रिंगचा वेढा कापला असेल, तर कापलेल्या टोकाला रंग नसतो, गंज असतो. जॅकवर चाक लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवा. कापलेली स्प्रिंग वाटीत सैल फिरते. अशा गाडीचे शॉकअॅब्सॉर्बर दर खड्ड्याला तळाला आपटलेले असतात, म्हणून चारही स्प्रिंग आणि चारही शॉक खर्चात धरा.

आता रीमॅप. या 1248 सीसी मल्टिजेट डिझेल इंजिनची मूळ ताकद 75 पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 190 न्यूटन मीटर. टॉर्क वाढवला की आधी बळी जातो क्लचचा. चौथ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमवरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच संपलाय. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. ते उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्या. मूळ मॅप परत टाकता येतो, झिजलेलं इंजिन मात्र त्याने बरं होत नाही. गाडी थंड असतानाच पहिला स्टार्ट स्वतः मारा. बॉनेट आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावाल तेव्हा ‘कोड नाहीत’ एवढ्यावर थांबू नका. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक स्कॅनर दाखवतात. तिथे 6 किलोमीटर दिसले तर कोणीतरी आजच साफसफाई केली आहे.

वायरिंगला माझा थेट नकार. हेडलाइट किंवा म्युझिक सिस्टीमसाठी कपलर (वायरींचे मूळ जोड) कापून वायरी पिळल्या असतील, वर काळी टेप असेल, तर दोष शोधण्यातच मजुरी जाते आणि आगीची भीती वेगळी. रिले आणि फ्यूज नसलेलं जोडकाम असेल तर भाव करूच नका.

स्टॉक गाडीही डोळे मिटून घेऊ नका. जुन्या सायलेन्सरवर नवा कोरा क्लॅम्प, चकाकणारे सस्पेन्शन बोल्ट, डिकीत म्युझिक सिस्टीमच्या पॉवर वायरचं भोक दिसलं, तर ती विकण्यापुरती स्टॉक केलेली असू शकते.

कागदांचा फरक मोठा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींनुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत. कलम 182अ प्रमाणे मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी नावावर झाली की मालक तुम्ही. बदल विमा कंपनीला कळवलेले नसतील, तर अपघातानंतर क्लेम नाकारायला तिला आयतं कारण मिळतं. आरसीवरचा रंग, चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीशी जुळवा. ई-चलान आणि कर्जाचा बोजाही बघा.

रोज कामाला जायचं असेल आणि घरात हीच एक गाडी असेल, तर 50 हजार जास्त देऊन स्टॉक घ्या. क्लच, शॉक आणि टायर एवढ्यातच तो फरक संपू शकतो. मॉडिफाइड गाडी घ्यायची तर एकाच अटीवर: बदल फक्त बोल्टने बसवलेले, बॉडी आणि वायरिंगला हात न लावलेला, आणि काढलेले मूळ भाग मालकाकडे शिल्लक. टोकन देण्याआधी ते भाग समोर मांडायला सांगा: चार 14 इंची चाकं, चार स्प्रिंग, मूळ सायलेन्सर. ‘गावाला ठेवलेत, नंतर पाठवतो’ असं उत्तर आलं, तर ते नाहीतच असं समजून त्यांची किंमत मागणीतून वजा करा.