क्लॅरिसवरून १०५ वर: दोन पावसाळ्यांनंतर बॉटम ब्रॅकेटचा अनुभव

बॉटम ब्रॅकेट (बीबी) म्हणजे फ्रेमच्या तळाशी क्रँकचा, म्हणजे पॅडलच्या हातांचा, अ‍ॅक्सल ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच; क्लॅरिस आणि १०५ हे शिमानोचे गिअरसंच, क्लॅरिस खालचा आणि १०५ वरचा. आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. शिमानो १०५ आर७००० चा क्रँक आणि बीबी-आरएस५०० चे कप (बेअरिंग धरणाऱ्या वाट्या) माझ्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेममध्ये दोन पावसाळे काढूनही शांत आहेत. सायकल पुण्यात चालते. आठवड्यात कात्रज, रविवारी सिंहगड किंवा वाईवरून पसरणी घाट, अधूनमधून बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड). म्हणजे चढ, धूळ आणि चिखल तिन्ही भरपूर.

मूळ सायकल ८ स्पीड (मागे आठ गिअर) क्लॅरिसची, चौकोनी टोकाच्या अ‍ॅक्सलची, म्हणजे स्क्वेअर टेपरची. अपग्रेड ठरल्यावर एका दुकानात मला ठामपणे सांगण्यात आलं की या फ्रेमला १०५ चा क्रँक बसणारच नाही, फ्रेमच बदला. हे चूक होतं. आणि हा गैरसमज इतक्या जणांच्या तोंडी ऐकलाय की मुख्यतः त्यासाठीच हे लिहितोय.

तुमची सायकल ८ स्पीड आहे की ११, याच्याशी बॉटम ब्रॅकेटला काहीही देणंघेणं नाही. दोनच गोष्टी बघायच्या: फ्रेमचं शेल (बॉटम ब्रॅकेट बसतो ती आडवी नळी) कसलं आहे आणि क्रँकचा अ‍ॅक्सल किती जाडीचा आहे. कप म्हणजे या दोघांमधला दलाल. माझ्या शेलच्या आत आटे होते आणि व्हर्नियरने रुंदी ६८ मिमी भरली. म्हणजे बीएसए, इंग्लिश आट्यांचं. रुंदी ७० मिमी आली असती तर इटालियन, आणि त्याचे कप वेगळे. शेलमध्ये आटेच नसते तर ते प्रेसफिट, म्हणजे कप दाबून बसवायचे. शिमानोच्या हॉलोटेक २ (अ‍ॅक्सल एका हाताला जोडलेलाच असलेल्या) रोड क्रँकचा अ‍ॅक्सल २००४ च्या सुमाराच्या ड्युरा-एस ७८०० पासून २४ मिमीचाच आहे. टियाग्रा ४७००, १०५ आर७०००, अल्टेग्रा आर८००० सगळे त्यात आले. म्हणून ६८ मिमी बीएसए शेल आणि २४ मिमी अ‍ॅक्सल ही जोडी जुळली की विषय संपला.

मग जुन्या अरुंद शेलमध्ये हा रुंद अ‍ॅक्सल बसतो कसा? बेअरिंग शेलच्या आत नसतात, दोन्ही बाजूंना बाहेर कपात असतात. उलट बीबी८६ या प्रेसफिट प्रकारच्या फ्रेममध्ये शेलच ८६.५ मिमी रुंद केलेलं असतं आणि बेअरिंग आत दाबलेली असतात. दोन्हीकडे बेअरिंगांमधलं अंतर जवळपास सारखंच पडतं, त्यामुळे एकच क्रँक दोन्ही फ्रेमना चालतो. बदलतात ते फक्त कप.

खरी मेहनत जुनं काढण्यात गेली. क्रँक पुलरने हात निघाले, पण आतली कार्ट्रिज (जुना बॉटम ब्रॅकेट) हलेना. लोखंडी कार्ट्रिज, अ‍ॅल्युमिनियमचं शेल आणि वर्षानुवर्षांचं पाणी, त्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून बसले होते. रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी लांब दांड्याने जोर लावला. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: बीएसएमध्ये चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. उजवीकडचा कप घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पॅडल मारताना छर्‍यांच्या फिरण्यामुळे कपावर उलट्या दिशेचा रेटा येतो. आटे सुलटे असते तर त्या रेट्याने कप हळूहळू सैल झाला असता. इटालियन शेलमध्ये दोन्हीकडे सुलटे आटे असतात, म्हणून तिथे उजवा कप फार घट्ट करावा लागतो. कॉटरपिनच्या सायकली ठोकत हात बसलेले आमच्या गल्लीतले काका चांगले कारागीर आहेत, पण शेलवर हातोडी उचलू नका म्हणून त्यांना मी दोनदा विनवलं.

बसवताना शेलच्या कडांवरचा रंगाचा थर घासून सपाट करून घेतला, म्हणजे फेसिंग. हे काम चांगल्या वर्कशॉपमधूनच करून घ्या. कडा तिरकी असेल तर दोन्ही कप एका रेषेत येत नाहीत आणि बेअरिंग लवकर मरतं. आट्यांना भरपूर ग्रीस लावलं, कप ३५ ते ५० न्यूटन-मीटरमध्ये आवळले. डाव्या हाताची प्लॅस्टिकची टोपी मात्र फक्त खेळ निघेल इतकीच, बोटांच्या जोराने. ती दाबून बसवणारे बरेच जण बघितलेत, मग सहा महिन्यांत बेअरिंग खरखरलं की शिव्या कपाला. शेवटी दोन्ही बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन-मीटरला. पाना घेतानाही बघून घ्या. आरएस५०० ला १६ खाचांचा नेहमीचा पाना चालतो, पण अल्टेग्राच्या बीबी-आर६० चा कप घेराने लहान आहे, त्याला वेगळा पाना किंवा अ‍ॅडॅप्टर लागतो.

आता वापर. पहिल्याच दिवशी क्रँक हाताने फिरवला आणि तो अर्ध्या वळशातच थांबला. घाबरू नका, नव्या सीलमधलं ग्रीस जड असतं, काही राइडमध्ये मोकळं होतं. पसरणीत उभं राहून जोर लावताना क्रँकची वळवळ कमी झाली हे जाणवतं, पण खरं सांगायचं तर पैसे वसूल झाले ते शिफ्टिंग आणि ब्रेकमुळे. मग जुनाच क्रँक ठेवला असता तर? चाललं असतं, पण ११ स्पीडची चेन बारीक असते आणि ८ स्पीडच्या दोन चेनरिंगमधलं अंतर जास्त, त्यामुळे समोरचा गिअर बदलताना ती मध्ये अडकण्याची शक्यता असते. ज्यांचं बजेट खरोखर ताणलेलं आहे त्यांनी क्रँक दुसऱ्या टप्प्यात बदलावा, माझी हरकत नाही.

पावसाचं पाणी फक्त बाहेरून येत नाही. ते सीटपोस्टच्या फटीतून नळीत उतरतं आणि थेट शेलमध्ये साचतं. त्यामुळे मोठ्या भिजलेल्या राइडनंतर मी सीटपोस्ट काढून सायकल उलटी ठेवतो. मोटरसायकल धुणाऱ्या सेंटरवर प्रेशर पंपाचा फवारा बीबीवर कधीच मारू देत नाही, कारण तो सील पार करून आतलं ग्रीस धुऊन काढतो. पहिल्या पावसाळ्यानंतर क्रँक काढून बोटाने बेअरिंग फिरवून पाहिलं, गुळगुळीत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चेनच्या बाजूचं किंचित खरखरायला लागलंय, पण खेळ नाही. क्रँकच्या किमतीपुढे हे कप किरकोळ आहेत, त्यामुळे हा हिशेब मला पटतो.

माझ्या सायकलमित्राची कार्बन फ्रेम बीबी८६ आहे, ४१ मिमीच्या भोकात प्रेसफिट कप. क्रँक माझ्यासारखाच. त्याला पहिल्या पावसातच कुरकुर सुरू झाली. आम्ही आधी पॅडल, चेनरिंगचे बोल्ट, सीटपोस्ट, मागच्या चाकाचा स्क्यूअर (चाक आवळून धरणारी दांडी) सगळं साफ करून ग्रीस लावलं, कारण अर्ध्या वेळा आवाज तिथलाच असतो आणि बदनाम बीबी होतो. याच्याबाबतीत मात्र तो बीबीचाच निघाला. शेवटी त्याने दोन्ही बाजू शेलच्या आत एकमेकांत स्क्रू होणारा बॉटम ब्रॅकेट टाकला आणि आवाज बंद झाला. कोकण-घाटाच्या हवामानात निवड माझ्या हातात असेल तर मी आट्यांचं शेलच घेईन, वजन थोडं वाढलं तरी.

स्रॅम या दुसऱ्या कंपनीचे भाग वापरणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. त्यांच्या जुन्या जीएक्सपी प्रकाराचा अ‍ॅक्सल उजवीकडे २४ मिमी आणि डावीकडे २२ मिमी, त्यामुळे शिमानोचे कप त्याला चालत नाहीत. त्यांच्याच डब प्रकाराचा अ‍ॅक्सल २८.९९ मिमीचा, त्याचे कप स्वतंत्र. ३० मिमीचा क्रँक बीबी८६ मध्ये कोंबायचा विचार असेल तर सोडून द्या. ४१ मिमीच्या भोकात इतका जाड अ‍ॅक्सल गेल्यावर बेअरिंगला जागाच उरत नाही, ते अगदी बारीक घ्यावं लागतं.

ज्यांची चाकं जुनी आहेत त्यांच्यासाठी एक उपयोगी गोष्ट. ११ स्पीडच्या बहुतेक रोड कॅसेट (मागच्या चाकाच्या गिअरचक्रांचा संच) ८-९-१० स्पीडच्या फ्रीहबवर (चाकाचा ज्यावर कॅसेट चढते तो भाग) बसत नाहीत, पण शिमानोच्या एचजी७०० ची ११-३४ दातांची बसते. मी तीच लावली, लांब पिंजऱ्याच्या जीएस डिरेलरसोबत (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), आणि चाकांचा खर्च वाचला.

पुढे १२ स्पीडचा विचार आहे. १०५ आर७१०० चा क्रँकही २४ मिमीचाच, त्यामुळे कपांचा प्रकार हाच राहील. चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर) मात्र ४३.५ वरून ४४.५ मिमी होते, म्हणून क्रँक आणि पुढचा डिरेलर एकाच पिढीचे घेईन. आणि १२ स्पीडची कॅसेट या जुन्या फ्रीहबवर चढेल याची खात्री नाही, तेव्हा यावेळी चाकांचे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली आहे.