दामिनी ॲप : वळवाच्या दिवसांत फोनमध्ये असावे असे

सोलापूर जिल्ह्यात वळवाचा पाऊस बहुधा दुपार कलल्यावर विजांसह येतो आणि नेमकी तेव्हाच माणसे बेदाण्याच्या शेडवर, डाळिंबाच्या बागेत किंवा मेंढरांमागे उघड्यावर असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत ॲप अशा वेळी उपयोगी ठरते. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी देशभर बसवलेल्या संवेदकांनी टिपल्या, की ती कोठे कडाडली याचा हिशेब लागतो आणि आपण उभे असलेल्या जागेपासून 20 व 40 किलोमीटरच्या परिघातील धोका नकाशावर दिसतो.

प्रथमोपचाराची माहितीही त्यात आहे, आणि ती मला नकाशाइतकीच मोलाची वाटते. कारण वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरतो, हा गैरसमज गावोगावी अजून टिकून आहे आणि त्यापायी छाती दाबून हृदय चालू करण्याची मदत लांबते.

मर्यादा उघड आहेत : इंटरनेट नसेल, लोकेशन बंद असेल किंवा फोन बांधावरच्या पिशवीत राहिला, तर इशारा पोहोचत नाही. ग्रामपंचायतीने तो भोंग्यावरून सांगण्याची जबाबदारी एखाद्याकडे सोपवल्यास साधा फोन वापरणाऱ्या मेंढपाळालाही त्याचा लाभ मिळेल.