रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ मोटरसायकल : मागच्या लिंकेजचे बेअरिंग बदलून एक पावसाळा झाला

आधी निकाल सांगतो. वर्कशॉपवाले म्हणाले तसा मागचा शॉक (शॉक-अ‍ॅब्सॉर्बर) बदलायची गरज नव्हती. मागून येणारा टक्-टक् आवाज, वळणात मागचं चाक किंचित उशिरा येतंय असं वाटणं, लहानशा खड्ड्यातही कमरेला बसणारा कोरडा दणका, हे सगळं दुखणं लिंकेजच्या (शॉकला मागच्या चाकाच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या सांध्यांच्या) निडल बेअरिंगचं (सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगचं) आणि बुशचं होतं. फेब्रुवारीत काम केलं, मध्ये अख्खा पावसाळा गेला, चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर लिंकेज एकदा उघडून पाहिलं, आणि मगच लिहायला बसलो.

गाडी २०१६ची, कार्ब्युरेटरवाली. मागे १८० मिमी ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली हालचाल), मोनोशॉक (एकच शॉक) आणि त्याच्या खाली लिंकेज. रोजचा रस्ता मये ते पणजी, चोडणच्या फेरीबोटीने. भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर खारं पाणी असतं आणि चाकं त्यातूनच चढतात. लिंकेज नेमकं मागच्या चाकाच्या पुढ्यात, पार खाली लटकलेलं. वर डिचोलीकडच्या खाणपट्ट्यातली लाल धूळ. ही धूळ, खारं पाणी आणि जुनं ग्रीस एकत्र आलं की व्हॉल्व्ह घासायची पेस्टच तयार होते. त्यामुळे पुण्यात एखाद्याचं लिंकेज जितकं टिकेल तितकं इथे टिकणार नाही, हे धरूनच चालावं.

एका वर्कशॉपमध्ये सीटवर दोनदा जोर देऊन ‘शॉक गेला’ असं सांगून मोकळे झाले. शॉकवर तेलाचा थेंब नाही, दाबून सोडला की सावकाश वर येतोय, मग गेला कसा? घरी येऊन गाडी मेन स्टँडवर लावली. मागचा टायर दोन्ही हातांनी धरून हळूच वर उचलला. शॉक दबायला लागायच्या आधी जो मोकळा ‘टक्’ हाताला लागतो, तो लिंकेजचा नाहीतर शॉकच्या टोकाच्या बुशचा. भावाला एकेका जोडावर बोट ठेवायला सांगितलं. सर्वांत खालच्या जोडात टक् सरळ बोटाला लागत होता. स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) आडवा प्ले (ढिलाई) बघायचा असेल तर टायर नव्हे, स्विंगआर्मचीच टोकं धरून हलवायची. नाहीतर चाकाच्या बेअरिंगचा प्ले त्यात मिसळतो आणि भलतंच सामान मागवलं जातं. माझ्याकडे आडवा प्ले थोडा होता, पण होता. म्हणून स्विंगआर्मच्या पिव्हटचं किटही मागवून ठेवलं.

इतका फरक पडायचं कारण सरळ आहे. चाक वरपासून खालपर्यंत जितकं हलतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी शॉक दबतो. त्यामुळे लिंकेजमधला जरासा प्ले चाकापाशी दुपटीहून जास्त होऊन येतो. शिवाय हे बेअरिंग चाकाच्या बेअरिंगसारखं गरागरा फिरत नाही, जागच्या जागी थोडंसं पुढे-मागे होतं. रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी घासतात, ग्रीस बाजूला सरतं ते परत येत नाही, आणि सीलमधून (कडेच्या रबरी रिंगमधून) पाणी शिरलं की गंज धरतो. खालच्या जोडातली कॉलर (बेअरिंगच्या आतली पोलादी नळी) काढली तेव्हा तिच्या एका अंगाला रोलरच्या समांतर रेघा, नखाला लागतील इतक्या खोल. उलटं करून पाहिलं तर दुसरं अंग नवंकोरं. काही रोलर ओळखू येत होते, बाकीचे तपकिरी पावडर होऊन चिंधीवर आले.

बेअरिंग मिळायला त्रास नाही. कडेवर नंबर असतो, तो म्हापशाच्या बेअरिंगवाल्याला सांगितला की काम होतं. नंबर वाचताही येतो: ‘एचके २२२०’ लिहिलं असेल तर आतलं भोक २२ मिमी, रुंदी २० मिमी, आणि बाहेरचा व्यास २८. तुमच्या गाडीत जो नंबर असेल तोच घ्या, हे फक्त उदाहरण.

खरी मेख कॉलरमध्ये आहे. या बेअरिंगला आतली रेस (रोलर चालण्याची कडी) नसते, रोलर थेट कॉलरवरच चालतात. लेथवाल्याने मला ‘स्टेनलेसची करून देतो, कधी गंजणार नाही’ म्हणून गळ घातली. गंजणार नाही हे खरं, पण लेथवर सहज कापलं जाणारं स्टेनलेस मऊ असतं. रोलर ज्यावर चालतात ते पोलाद ५८ रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) वर कडक असावं लागतं. बेळगावला उद्यमबागेत हार्डनिंग आणि ग्राइंडिंग करून घेता आलं असतं, पण एका कॉलरसाठी चोर्ला घाट चढून कोण जाणार? कंपनीची कॉलर मागवली आणि वाट पाहिली. जुन्या कॉलरवर नवं बेअरिंग बसवणाऱ्यांचा आवाज काही महिन्यांत परत येतो, त्यात नवल नाही.

बसवताना हातोडा लांब ठेवला. या बेअरिंगचा कप पातळ पत्र्याचा, त्याला गोलाई हाउसिंगमुळेच (तो ज्या भोकात बसतो त्यामुळेच) येते. एका बाजूने ठोकला तर कड दबते आणि रोलर अडकतात. नंबर छापलेली बाजू बाहेर ठेवून, मापाचा सॉकेट आणि व्हाइस यांनी सरळ दाबत नेला. जुना कप किती खोल बसला होता ते काढायच्या आधीच कॅलिपरने मोजून ठेवलं होतं, कारण सीलला जागा उरायला हवी. शॉकच्या रबरी बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचा आवळला. अधांतरी आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. लिंकेजचा एक बोल्ट रात्रभर डिझेल पिऊनही हलला नाही, तो मात्र मेकॅनिकने गरम करून काढला.

ग्रीसच्या बाबतीत आपण गोव्यात नशीबवान. मालीमच्या जेटीजवळ ट्रॉलरचं सामान विकणाऱ्यांकडे मरीन ग्रीस मिळतं. मी कॅल्शियम सल्फोनेटचं घेतलं. खाऱ्या पाण्यात ते टिकतं, लवकर धुऊन जात नाही. जुनं ग्रीस आधी पूर्ण पुसून काढलं, दोन जातींची ग्रीस एकत्र करायची नाहीत. खर्च मजुरीसकट चार-साडेचार हजार, म्हणजे वर्कशॉपने सांगितलेल्या शॉकच्या निम्म्याहून कमी.

आता वापराचं. पहिल्याच दिवशी मांडवी पुलाचे जोड ओलांडताना टक् आवाज गेलेला. चोर्ल्यात केरीहून वर चढताना, वळणात ब्रेक सोडून गॅस दिला की मागची बाजू लगेच बसते, पूर्वीसारखी आधी डुलून मग नाही. चेनचा ताणही जास्त दिवस टिकतो. मऊपणा मात्र फार वाढलेला नाही. शॉक जुनाच आहे, मागे माणूस आणि सामान असलं की लांब खड्ड्यात तो अजूनही तळाला टेकतो. बेअरिंग बदलून गादीवर बसल्याचं सुख मिळेल या आशेने कोणी हे काम करू नये.

चवथीनंतर उघडलं तेव्हा वरच्या जोडांतलं ग्रीस जसंच्या तसं होतं. खालच्या जोडात एका बाजूचं ग्रीस दुधाळ झालेलं, म्हणजे त्या बाजूच्या सीलच्या ओठातून पाणी गेलंच. कॉलरवर मात्र रेघ नाही. पुसून परत भरलं. वॉशिंगवाल्याने पाण्याची गन तिथे धरू नये म्हणून आता गाडीपाशी उभा राहतो. तो मला वेडा समजतो, समजू दे.

तक्रार एकच: डस्ट सील सुटे मिळवायला बेअरिंगपेक्षा जास्त हेलपाटे पडले. एका ठिकाणी मापाचे मिळाले पण ओठ कडक, बोटाने दाबले तरी वाकेनात, ते परत केले. शेवटी आले तेव्हा एक जोडी जास्तीची घेऊन ठेवली. ती येत्या मेमध्ये खालच्या जोडाला जाईल.