डावीकडचा पाव अंश: मायटर सॉ घेताना मी कसा फसलो

गंगाखेडला आमचं सुतारकामाचं छोटं दुकान आहे. आबा दारं-चौकटी करायचे, मी देवघरं आणि तसबिरींच्या फ्रेमा जास्त करतो. मागच्या उन्हाळ्यात परभणीहून १० इंची पात्याची मायटर सॉ, म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात कापायचं मशीन, आणली. किंमत २४,५०० रुपये. त्यातले १०,००० फोनवरून दिले, बाकी रोख. "पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी लागंल भाऊ, कशाला वाढवता?" असं दुकानदार म्हणाला आणि मी कच्च्या चिठ्ठीवर मशीन उचललं. ती चिठ्ठी पुढं फार नडली.

दुकानात त्यानं डेमो दिला होता. दोन इंची पट्टी कापली, काटकोन बघायला गुण्या लावला, कुठंच उजेड दिसला नाही. पट्टी त्यानं पात्याच्या उजव्या बाजूला धरली होती, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिलंच काम होतं एका भजनी मंडळाचं, संत जनाबाईंच्या तसबिरींच्या १६ फ्रेमा. ७५ मिलिमीटर रुंद सागवानी पट्टी, ४५ अंशांचा काप. तीन कोपरे मिटायचे आणि चौथा तोंड उघडायचा. लाकूड भरायचं, पॉलिशखाली लपवायचं, हे मला जमत नाही. देवाच्या कामात तर नाहीच.

मशीन घेऊन परत परभणीला गेलो. "लाकूड ओलं असंल," तो म्हणाला. मे महिन्यात, आमच्याकडं पारा ४२ च्या वर असताना! दुसऱ्या फेरीला म्हणाला, सेटिंग बिघडलंय. पान्यानं फेन्सचे (लाकूड कापताना ज्याला टेकवतात त्या मागच्या आडव्या भिंतीचे) बोल्ट ढिले केले, गुण्या लावून कसले, काप बरोबर आला. घरी आणून बघतो तर पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीलाही तेच झालं. आठ दिवसांत बदलून देतो असं त्यानं तोंडी सांगितलं होतं, ते आठ दिवस या फेऱ्यांतच गेले.

शेवटी आबा म्हणाले, "बाळा, काप राहू दे. आधी तळ बघ. पट्टी लाव."

वायर काढली. ६०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी घेतली. ती सरळ आहे का हे आधी पाहिलं: प्लायवर रेघ मारायची, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांतून परत रेघ मारायची, दोन्ही रेघा एकच दिसल्या पाहिजेत. मग पट्टी धारेवर उभी करून टेबलावर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या दिशांनी ठेवली आणि मागं बॅटरी धरली. डावीकडं उजेडाची पाचर दिसली. शेजारच्या मोटारसायकल मेकॅनिककडून फिलर गेज आणलं, फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा जुडगा. डाव्या टोकाशी १.२ मिलिमीटर बसलं. ०.१ असतं तर मी काही बोललो नसतो, लाकडाच्या कामाला तेवढं चालतं. नंतर हीच पट्टी फेन्सला लावली. डावा अर्धा भाग टोकाशी एक मिलिमीटर मागं गेलेला. २२० मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर, म्हणजे पाव अंश.

सगळं कोडं तिथं सुटलं. उजवी बाजू काटकोनात आणली की डावी चुकते, डावी आणली की उजवी. फ्रेमच्या आठ कापांतले चार डाव्या फेन्सवर होतात. चार पाव म्हणजे एक अंश, आणि ७५ ची पट्टी ४५ वर कापली की १०६ मिलिमीटरचा काप पडतो, म्हणून चौथ्या कोपऱ्यात जवळजवळ दोन मिलिमीटरची फट. पातं टेबलाशी काटकोनात नसणं किंवा फेन्स पात्याशी नसणं, हे बोल्ट ढिला करून नीट होतं. नव्या मशीनमध्येही असू शकतं, त्यावरून भांडू नये. पण टेबलाची ओतीव बॉडीच वाकलेली असली तर कुठलाच बोल्ट ती सरळ करत नाही. दुकानदाराला हा फरक माहीत होता. म्हणून तर तो दरवेळी उजवीकडंच कापून दाखवायचा.

मशीन उलटं केलं. डावा पाय तुटून एमसीलनं जोडलेला, वरून रंगाचा फवारा. पात्याखालची प्लास्टिकची पट्टी काढली तर आत ॲल्युमिनियमचा चमकता कीस. कुणीतरी त्यावर स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन कापले होते. खोक्यावरचा नंबर आणि मशीनच्या पाटीवरचा नंबर वेगळे होते. मी तीन फेऱ्या मारल्या, पण ते दोन नंबर एकदाही शेजारी ठेवून वाचले नाहीत.

दुकानदार आता म्हणतो, ही मशीन आमची नव्हेच. कच्च्या चिठ्ठीवर ना नंबर, ना दुकानाचं नाव. माझ्याकडं आहे तो फोनवरून दिलेल्या १०,००० चा पुरावा आणि त्याचे मेसेज. त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे. धंद्याच्या मशीनची तक्रार चालत नाही असं मला एकानं सांगितलं होतं. २०१९ च्या कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला ग्राहकच मानलंय, दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. तेव्हा कुणी असं सांगून परतवलं तर परतू नका.

फ्रेमा मी हातकरवतीनं कापल्या आणि रंध्यानं कोपरे मिटवले. आबांनी शेजारी बसून एकेक कोपरा नखानं तपासला. मंडळाला चार दिवस उशीर झाला.

दुसरी मशीन घ्यायला गेलो तेव्हा पट्टी, गुण्या आणि फिलर गेज पिशवीतच होतं. त्या दुकानदारानं स्वतः खोकं फोडलं, मशीन उलटं करून पाय दाखवले, पक्क्या बिलावर नंबर लिहिला. मी पट्टी लावेपर्यंत तो बॅटरी धरून उभा होता.