कार्ड ५१२ जीबीचं, खरी जागा २९ जीबी

काकांच्या रेडिओदुरुस्तीच्या आठ बैठका मी कॅमेऱ्यात टिपल्या होत्या. सगळं मिळून सात तासांचं चित्रण. त्यातलं आज माझ्याकडे एक तास नऊ मिनिटं उरलंय. ते पुसलं गेलं असतं तर परत मिळवायची काही आशा तरी होती. पण ते कधी साठवलंच गेलं नव्हतं, कारण कॅमेऱ्यात घातलेलं मेमरी कार्ड बनावट होतं.

खिशात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं वेड मला काकांमुळेच लागलं. त्यांनी उभी हयात ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त केले. आता हात थरथरतात, बारीक सोल्डरिंग जमेल याची खात्री नसते. म्हणून ठरवलं, हातात आहे तेवढं टिपून ठेवायचं. माझ्या पाऊचमध्ये छोटा कॅमेरा, व्हॉइस रेकॉर्डर, इअरबड्स, पॉवर बँक, दोन-तीन केबल असा संसार कायम असतोच. कमी होती ती मोठ्या कार्डाची. ऑनलाइन शोधलं, नावाजलेल्या कंपनीचं ५१२ जीबीचं कार्ड इतरांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिसलं, रिव्ह्यू उत्तम होते, मागवलं. पाकीट, होलोग्राम, छपाई सगळं जिथल्या तिथे. कॅमेऱ्यात घातलं, फॉरमॅट केलं, कॅमेऱ्याने जागा पूर्ण दाखवली. कॉम्प्युटरवर ४७६ दिसले, तेही बरोबरच होतं. कंपन्या हजाराच्या हिशोबाने मोजतात आणि विंडोज कॉम्प्युटर १०२४ च्या, त्यामुळे खऱ्या ५१२ जीबी कार्डावरही तेवढेच दिसतात. तेवढ्या फरकावरून कुणी घाबरू नये.

मी ४के मध्ये चित्रण करत होतो, सेकंदाला ६० मेगाबिट. म्हणजे तासाला साधारण २७ जीबी. सात तासांना १९० जीबीच्या आत, कार्ड निम्मंही भरणार नव्हतं. रोज संध्याकाळी कॅमेऱ्यावर फाइलींची यादी बघायचो. नावं, तारखा, साइज, सगळं दिसायचं. बॅटरी वाचवायची म्हणून एकही फाइल चालवून पाहिली नाही. ही माझी चूक, आणि हे वाचणाऱ्याने ती करू नये म्हणून लिहून ठेवतोय.

आठवी बैठक झाल्यावर फाइली कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो. पहिल्या तीन छान चालल्या. चौथी उघडेना. पाचवी नाही, सहावी नाही. साइज प्रत्येकीची बरोबर, पण उघडायला गेलं की एकच उत्तर, फाइल खराब आहे. आधी केबलवर संशय घेतला, मग कार्ड रीडरवर, मग कॅमेऱ्यावर. शेवटी एक फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडली. हेक्स व्ह्यूअर फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवतो. चालणाऱ्या फाइलमध्ये अंक-अक्षरांचा नुसता गजबजाट असतो. इथे शून्य. ओळीमागून ओळ, पानामागून पान, शून्यच. खाली स्क्रोल करत गेलो, अगदी टोकापर्यंत. एकही बाइट दुसरा नव्हता. रिकव्हरीची सॉफ्टवेअरं रात्रभर चालवली ती निव्वळ मन मानेना म्हणून. जे लिहिलंच गेलं नाही ते सापडणार कुठून?

चौथ्या फाइलचं तेवढं थोडं हाती लागलं. ती नेमकी खऱ्या जागेच्या सीमेवर होती, सुरुवातीची नऊ मिनिटं आत आणि बाकीची बाहेर. एमपी४ फाइलमधली अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे सगळ्यात शेवटी लिहितात, आणि शेवटच हरवला होता, म्हणून आत चित्र असूनही ती उघडत नव्हती. त्याच कॅमेऱ्याची एक धड फाइल नमुना म्हणून देऊन तुटकी फाइल जुळवून देणारं ‘अनट्रंक’ नावाचं साधन आहे. त्याने ती नऊ मिनिटं वाचवली. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर तुटलेली फाइल डिलीट करू नका आणि कार्ड फॉरमॅट करू नका, आधी हे करून बघा.

हा प्रकार चालतो कसा, हे नंतर नीट समजून घेतलं. मेमरी कार्ड म्हणजे नुसती साठवणुकीची चिप नसते. आत एक इवलासा कॉम्प्युटरही असतो, कंट्रोलर, आणि त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम असतो. अँड्र्यू ह्वांग आणि शॉन क्रॉस या हार्डवेअर संशोधकांनी डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या परिषदेत दाखवून दिलं होतं, की काही कार्डांमधला हा प्रोग्रॅम बाहेरून बदलता येतो. कार्डात जागा किती हे कॅमेरा किंवा फोन स्वतः मोजत नाही, तो कंट्रोलरला विचारतो. कंट्रोलरला ५१२ सांगायला शिकवलं की तो ५१२ सांगतो, आत ३२ ची चिप असली तरी. फाइलींची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे खऱ्या जागेत असते. म्हणून नावं आणि साइज शाबूत राहतात. खरी जागा संपल्यावर माझ्यासारख्या कार्डात पुढचं लिखाण सरळ हवेत जातं, आणि कार्ड मात्र ‘लिहिलं’ म्हणून कळवतं. काही कार्डं याहून वाईट, ती फिरून पहिल्या जागेवर येतात आणि नवं जुन्यावर लिहितात. अशा वेळी आधी शाबूत असलेलंही जातं.

काका म्हणायचे, सेट काय म्हणतो ते ऐकायचं नाही, मीटर काय म्हणतो ते बघायचं. १९५४ साली विकायला आलेल्या खिशातल्या पहिल्या ट्रान्झिस्टर रेडिओत, रीजन्सी टीआर-१ मध्ये, जेमतेम चार ट्रान्झिस्टर होते. प्रत्येकाच्या पायाला मीटर लावून बघता यायचं. नखाएवढ्या कार्डात अब्जावधी असतात आणि पाय एकाचाही दिसत नाही. पण मीटर याचंही आहे. कार्ड काठोकाठ भरायचं आणि भरलेलं परत वाचायचं.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटासा प्रोग्रॅम आहे, जर्मनीतल्या एका संगणक मासिकासाठी लिहिला गेलेला. फुकट मिळतो. लिनक्स आणि मॅकसाठी एफ३ आहे, त्याचं पूर्ण नावच ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’. दोन्ही एकाच पद्धतीने चालतात. कार्ड पूर्ण भरेपर्यंत ठरावीक सूत्राने बनवलेल्या एकेक जीबीच्या फाइली लिहायच्या आणि मग पहिल्यापासून वाचून पडताळायच्या. माझं कार्ड सेकंदाला जेमतेम दहा मेगाबाइट वेगाने लिहीत होतं. त्यावर व्ही३० छापलंय, म्हणजे किमान ३० हवेत. त्या वेगाने नुसतं लिहायलाच चौदा तास गेले. संध्याकाळी लावलं, दुसऱ्या दिवशी निकाल आला. ४७६ पैकी २९ जीबी ठीक, ४४७ जीबी हरवला.

तो रिपोर्ट घेऊन तक्रार केली. कस्टमर केअरने आधी कार्डाच्या प्रॉपर्टीजचा स्क्रीनशॉट मागितला. पाठवला. उत्तर आलं, ‘कार्डची क्षमता योग्य दिसत आहे, उत्पादनात दोष आढळत नाही.’ मी परत लिहिलं की फसवणूक नेमकी त्याच आकड्यात आहे, चाचणीचा रिपोर्ट बघा. मग सांगितलं, रिटर्नची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली. सेलरला लिहायला गेलो तर त्याचं पानच गायब. कंपनीच्या वेबसाइटवर कार्डाचा सीरियल नंबर टाकला, तो त्यांच्या नोंदीत नव्हता. ही नोंद तपासायला दोन मिनिटं लागली. पाकीट फोडलं त्याच दिवशी ती तपासली असती, तर बाकीचं काही घडलंच नसतं.

रिव्ह्यू पुन्हा वाचले, या वेळी तारखांसकट. ‘वेळेवर मिळालं’, ‘पॅकिंग छान’, ‘पूर्ण ५१२ दाखवतंय’. बहुतेक सगळे कार्ड हातात पडल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहिलेले. त्या वेळी कुणाचंच कार्ड २९ जीबीच्या पुढे गेलेलं नव्हतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती, त्यांना अजून कळायचं होतं. काही रिव्ह्यू तर फोनच्या कव्हरबद्दल होते, म्हणजे त्याच पानावर आधी दुसरीच वस्तू विकली जात होती आणि तिचे तारे या कार्डाने वापरले. आता मी आधी एक आणि दोन तारेवाले वाचतो, आणि त्यातही ‘तीन महिन्यांनी’ अशी सुरुवात असलेले.

यानंतर पाऊचमधली एकेक वस्तू तपासायला काढली. पॉवर बँकवर २०,००० एमएएच लिहिलंय. वजन केलं, १९० ग्रॅम भरलं. तिथेच शंका आली. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असे जे गोल १८६५० सेल येतात, त्यातला चांगला सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो आणि त्याचं वजन ४५ ते ५० ग्रॅम असतं. २०,००० साठी असे सहा तरी लागतील, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन पावणेतीनशे ग्रॅम. यूएसबी मीटर लावून पूर्ण रिकामी होईपर्यंत मोजलं. १३ वॉट-तास निघाले. वॉट-तास म्हणजे एकूण ऊर्जा, एमएएचला सेलच्या ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं की येते. छापील आकड्याप्रमाणे ७४ हवे होते, घट धरली तरी साठच्या वर.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर प्रामाणिक कंपन्यांवर अन्याय होईल. १०,००० एमएएचची खरी पॉवर बँक तुमच्या फोनला १०,००० देत नाही. तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो. बाहेर ५ व्होल्ट देताना तो गणितानेच ७,४०० होतो आणि रूपांतरातली घट वजा जाता सहा-साडेसहा हजार उरतो. चांगल्या कंपन्या हा दुसरा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून खाली बारीक अक्षरात छापतात. तो छापलेला नसेल तर घेऊ नका. आणि ५०,००० लिहिलेली हलकीफुलकी बँक दिसली तर एवढंच लक्षात घ्या, की तो आकडा खरा असेल तर ती १८५ वॉट-तासांची झाली. विमानात परवानगीशिवाय १०० आणि परवानगीने १६० वॉट-तासांपर्यंतचीच नेता येते. संशय आला म्हणून बँक फोडून बघू नका. लिथियम सेलला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर तो पेट घेऊ शकतो. वजनकाटा आणि मीटर पुरेसे आहेत.

पॉवर बँकेचं दुःख नाही, ती बदलता येते.

पाचव्या बैठकीत काकांपुढे एक पूर्ण बंद सेट होता. त्यांनी मागचं झाकण काढलं, आवाजाचं बटण अर्ध्यावर ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हरची दांडी बोटाने धरून टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला टेकवलं. स्पीकरमधून घुंई आवाज आला. ‘ऐकलंस? इथून पुढे सगळं ठणठणीत आहे. चोर मागे आहे.’ मग एकेक पायरी मागे सरकत, प्रत्येक ठिकाणी थांबून ऐकत, ते अँटेनाच्या काळ्या फेराइट दांडीपाशी पोचले. तिच्यावरच्या कॉइलची केसासारखी तार टोकाशी तुटलेली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी ती जोडली. दुसऱ्या प्रयत्नात जमलं. सेटमधून माणसाचा आवाज आला तेव्हा ते कॅमेऱ्याकडे बघून हसले होते. हे सगळं त्या शून्यांच्या जागी होतं.

मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, ‘अरे, तार परत तोडू का?’ खरंच तोडायला तयार होते. मीच नको म्हणालो. दोष कुठे आहे हे माहीत असताना शोधणारा हात वेगळा चालतो, आणि मला टिपायचं होतं ते शोधणं.

नवं कार्ड मी कंपनीने स्वतःच्या वेबसाइटवर नाव दिलेल्या विक्रेत्याकडून घेतलं. १२८ जीबीचं, मुद्दाम लहान, म्हणजे दर चार-पाच बैठकांनंतर रिकामं करावंच लागेल. सीरियल नंबर पाकीट फोडायच्या आधीच तपासला. चाचणी काल रात्री लावली होती, पहाटे संपली, एकही चूक नाही. काकांनी कुठून तरी आणखी एक बंद सेट मिळवलाय. झाकण अजून उघडलेलं नाही, मी येईपर्यंत उघडणार नाही म्हणालेत.