पोर्टोबेलोत घेतलेली जुनी ऑपेरा हॅट, पैसे वसूल

लंडनच्या पोर्टोबेलो रोडला शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथल्या एका छोट्या दुकानात ही काळी ऑपेरा हॅट घेतली आणि महिना झाला तरी रोज एकदा उघडून बघतोच. व्हिक्टोरियन बॉलचं, म्हणजे जुन्या इंग्रजी थाटाच्या नाच-समारंभाचं आमंत्रण होतं, टेलकोट भाड्याने मिळाला, पांढरा वेस्टकोट, पांढरा बो टाय, कडक छातीचा शर्ट सगळं जमलं, फक्त टोपीवर अडलं होतं.

मिटलेली असताना ती ताटाएवढी चपटी असते. कडेला धरून मनगटाला झटका दिला की आतल्या स्टीलच्या स्प्रिंगा फाटकन उघडतात आणि उंच टोपी उभी राहते! फ्रेंचमध्ये हिला शापो क्लाक म्हणतात, क्लाक म्हणजे चापट, आवाज ऐकला की नाव लगेच पटतं. पॅरिसच्या जिबूस नावाच्या टोपीवाल्यावरून हिला जिबूस पण म्हणतात. थिएटरात एवढी उंच टोपी ठेवणार कुठे, म्हणून मिटवायची आणि सीटखाली सरकवायची, काय डोकं लावलंय बघा.

चकचकीत, न मिटणारी टॉप हॅट वेगळी, ती सिल्क प्लशची, म्हणजे मखमलीसारख्या रेशमी कापडाची. ते कापड आता कुठेच विणलं जात नाही, म्हणून चांगली जुनी टोपी महाग पडते आणि मोठ्या मापात तर शोधत बसावं लागतं. माझीचं कापड बारीक रेघांचं रेशमी आहे, चमक कमी, पण संध्याकाळच्या दिव्यात मला हीच जास्त आवडली. आत पांढरं सॅटिन थोडं पिवळं पडलंय, चामड्याच्या पट्टीवर कुणाच्या तरी कपाळाचा गडद डाग आहे, तो मी पुसणार नाही.

मापाकडे मात्र नीट बघा. आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली ५७ सेंटीमीटर लिहिलेली टोपी प्रत्यक्षात ५५ निघाली, परत पाठवायचा खर्च माझ्याच गळ्यात. जुन्या टोप्या बहुतेक लहानच असतात आणि कडक असल्यामुळे ताणून बसत नाहीत. माझं डोकं ५८ सेंटीमीटर, म्हणजे ब्रिटिश मापात सव्वासातला थोडं कमी, इथे दुकानदार काकांनी स्वतः टेप लावून मोजलं, तीन टोप्या घालून बघायला दिल्या, घाई अजिबात नाही.

घेताना टोपी उघडून उजेडासमोर धरा, स्प्रिंगा जिथे कापडाला घासतात तिथूनच ते आधी विरतं. माझ्या टोपीला मागच्या बाजूला एक विरलेली जागा आहे, काकांनी ती स्वतःहून दाखवली आणि १० पौंड कमी केले. घरी उघडीच ठेवा म्हणाले, मिटवून ठेवली तर घड्यांवर कापड तुटतं. म्हणून ती आता कपाटावर उभी आहे.